बुर्गहोल्ट्सलीची टेकडी

झुरिच शहराच्या आग्नेय टोकाला, सरोवरापासून थोड्याच अंतरावर, एक लहानशी टेकडी आहे. तिचें नांव बुर्गहोल्ट्सली. परक्या जिभेला हें नांव अवघड वाटतें; झुरिचच्या माणसाला मात्र तें फार ओळखीचें. पुण्याकडे कोणी तऱ्हेवाईक वागूं लागला म्हणजे त्याला येरवड्याला पोंचविण्याची भाषा सहज निघते, त्यांतलाच तो प्रकार. पण ज्या नांवानें एका शहरानें वेडाची थट्टा केली, त्याच नांवानें वेडासंबंधींच्या विसाव्या शतकांतील विचाराला कित्येक शब्द पुरविले आहेत. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द तेथला. 'ऑटिझम' तेथला. आणि 'अँबिव्हॅलन्स' म्हणजे एकाच वस्तूविषयीं एकाच वेळीं ओढ व तिटकारा वाटणें, हा आज कादंबऱ्यांच्या परीक्षणांत सुद्धां आढळणारा शब्द, तोहि तेथलाच.

या टेकडीवरील इस्पितळ १८७० सालीं उघडलें. झुरिच प्रांताच्या सरकारला वेड्यांसाठीं नवें घर हवें होतें, कारण तोंवर हे रोगी शहरांतील एका जुन्या मठाच्या इमारतींत, सार्वजनिक इस्पितळांतच कोंडलेले असत. पण सरकारनें या घराकडून आणखी एक काम अपेक्षिलें. १८३३ सालीं स्थापन झालेल्या झुरिच विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना मानसरोगांचें शिक्षण येथेंच मिळावयाचें होतें. म्हणून इस्पितळाचा मुख्य तोच विद्यापीठाचा प्राध्यापक अशी व्यवस्था ठरली. ऐकावयास ही व्यवस्था सुटसुटीत वाटते. प्रत्यक्षांत एकाच माणसानें स्वयंपाकघर, शेतीवाडी, नोकरचाकर व शेंकडों रोगी सांभाळावयाचे आणि उरल्या वेळांत शास्त्रांत नवी भरहि घालावयाची, असा तिचा अर्थ होता. पहिलीं दहा वर्षें ती कोणालाहि झेपली नाहीं.

तिच्या मुळाशीं विल्हेल्म ग्रीझिंगर या जर्मन वैद्याची कल्पना होती. १८६० ते १८६५ या काळांत ते झुरिचला प्राध्यापक होते आणि नव्या इस्पितळाच्या योजनेंत त्यांचा मोठा वांटा होता. मनाचे रोग हे मेंदूचे रोग होत, हें मत त्यांनीं १८४५ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें होतें. वेडाला पाप, शाप किंवा भूतबाधा समजण्याच्या वृत्तीवर हा मोठाच आघात होता. मेंदूचा रोग म्हटला कीं रोगी गुन्हेगार राहत नाहीं; ज्वरानें पडलेल्या माणसासारखा तोहि उपचाराला पात्र ठरतो. ग्रीझिंगर मात्र पुढें बर्लिनला गेले आणि १८६८ सालीं, इस्पितळाचीं दारें उघडण्यापूर्वींच, वारले.

त्यांच्या विचाराचा अर्धाच भाग त्यांच्या मागून आलेल्यांनीं उचलला. मेंदू त्यांनीं घेतला. रोगी बाजूला राहिला. पहिले संचालक बर्नहार्ड फॉन गुडन हे मेंदूच्या सूक्ष्म रचनेचे थोर अभ्यासक होते. मेंदूच्या अत्यंत पातळ चकत्या कापण्याचें यंत्र त्यांनीं बनविलें. रोग्यांना साखळदंड व बांधून ठेवणारे अंगरखे घालूं नयेत, या मताचेहि ते होते. एवढें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. पण १८७२ सालींच ते म्यूनिकला निघून गेले. त्यांचा शेवट इतिहासांत प्रसिद्ध आहे. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग हा वेडा असल्याचा अभिप्राय त्यांनीं इतर तिघां वैद्यांसह १८८६ सालीं दिला, आणि तोहि राजाला प्रत्यक्ष तपासल्यावांचून. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १३ जूनच्या संध्याकाळीं, राजा व वैद्य दोघे सरोवराच्या कांठीं फिरावयास गेले आणि दोघांचींहि प्रेतें पाण्यांत सांपडलीं. नेमकें काय घडलें यावर आजपर्यंत तर्कच चालू आहेत.

गुडन यांच्यानंतर ह्युगनँ आले, तेहि लौकरच गेले. मग १८७५ मध्यें एडुआर्ड हिट्झिग आले. कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सूक्ष्म स्पर्श केला असतां विरुद्ध बाजूचे स्नायू हालतात, हा शोध त्यांनीं व फ्रिट्श यांनीं १८७० सालीं लावला होता. शास्त्रज्ञ म्हणून त्यांची थोरवी निर्विवाद; इस्पितळाचे चालक म्हणून ते अयशस्वी ठरले. भांडणांना कंटाळून १८७९ सालीं त्यांनींहि झुरिच सोडलें.

या अपयशाचें एक कारण असें होतें कीं जें कोणत्याहि वैद्यकीय ग्रंथांत सांपडावयाचें नाहीं. झुरिचच्या आसपासचे शेतकरी जी बोली बोलतात ती पुस्तकी जर्मनहून इतकी वेगळी आहे कीं उत्तरेकडून आलेल्या जर्मन पंडिताला ती उमगत नाहीं. शरीराच्या रोगांत हें एक वेळ चालेल. पोट कोठें दुखतें हें बोट ठेवून दाखवितां येतें. पण ज्याचें मनच बिघडलें आहे त्याच्या रोगाची सारी लक्षणें त्याच्या बोलण्यांतच असतात. वैद्याला तें बोलणें कळलें नाहीं तर त्यानें तपासावयाचें तरी काय? खेड्यापाड्यांतील लोक कुरकुरूं लागले कीं आमचीं माणसें टेकडीवर नेतात, पण तेथील प्राध्यापक सूक्ष्मदर्शकांत डोळा घालून बसतो, त्याला आमच्या मुलीशीं दोन शब्द बोलतां येत नाहींत. या कुरकुरीला राजकीय धारहि होती. १८३० पूर्वीं झुरिच शहरानें भोंवतालच्या खेड्यांना अधिकाराच्या जागांपासून दूर ठेवलें होतें. तो अडसर दूर झाला, विद्यापीठ उभें राहिलें, आणि खेड्यांना वाटलें कीं आतां आपलीं मुलें शिकतील, डॉक्टर होतील, आपल्याशीं आपल्या भाषेंत बोलतील. तें घडावयास आणखी साठ पासष्ट वर्षें जावीं लागलीं.

मध्यंतरीं १८७९ सालीं ऑगुस्ट फोरेल आले आणि इस्पितळाची घडी प्रथमच नीट बसली. फोरेल हे स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भाषी भागांतले. लहानपणापासून त्यांना मुंग्यांचा नाद. स्विस मुंग्यांवरील त्यांचा १८७४ चा ग्रंथ आजहि त्या विषयांतील मैलाचा दगड मानला जातो. मेंदूंतील प्रत्येक पेशी ही स्वतंत्र घटक आहे, त्या एकमेकींत वितळून गेलेल्या नाहींत, हा सिद्धान्त त्यांनीं १८८७ सालीं मांडला. त्याच विचारावर पुढें मज्जाशास्त्राची सगळी इमारत उभी राहिली. एवढें करूनहि त्यांचा वेळ उरे. तो त्यांनीं संमोहनविद्येला दिला, आणि तिचा प्रयोग रोग्यांवर तर केलाच, शिवाय नोकरांवरहि केला. आत्महत्या करूं पाहणाऱ्या रोग्याजवळ रात्रभर जागणारा परिचारक सकाळीं गळून जाई. फोरेल त्याला संमोहित करून सांगत : आरडाओरड कितीहि होवो, तूं शांत झोप, मात्र रोग्यानें कांहीं विपरीत आरंभिलें कीं तत्काळ जागा हो. आणि परिचारक खरोखरच तसें करीत. तान्ह्या मुलाची आई गाड्यांच्या गडगडाटांत झोपते व मुलाच्या बारीक हुंकारानें उठते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना यांत अशक्य असें कांहीं वाटणार नाहीं.

फोरेल यांच्या काळांतील सर्वांत सुंदर प्रसंग एका चांभाराचा आहे. इस्पितळांत दारूनें वाया गेलेले पुष्कळ रोगी येत. कांहीं महिने आंत राहून ते सुधारत, बाहेर पडले कीं पुन्हां पिऊं लागत. त्याच वेळीं याकोब बोसहार्ट नांवाचा एक धार्मिक वृत्तीचा चांभार अशाच माणसांना कायमचें सोडवीत असल्याचें फोरेल यांच्या नजरेस आलें. त्यांनीं त्याला विचारलें कीं मी मानसरोगांचा प्राध्यापक असून मला हें जमत नाहीं, तें तुम्हांला कसें जमतें? चांभारानें उत्तर दिलें कीं मी दारू पीत नाहीं आणि तुम्ही पितां, एवढाच फरक. फोरेल यांना हें उत्तर लागलें. त्यांनीं स्वतः मद्य सोडलें आणि दारूबाजांसाठीं एलिकोन येथें एक स्वतंत्र गृह उभारण्यांत पुढाकार घेतला. त्याच्या देखरेखीला त्याच चांभाराला नेमलें. तेव्हांपासून बुर्गहोल्ट्सलींत मद्यत्याग हा जवळजवळ धर्मच झाला. नव्यानें येणाऱ्या डॉक्टरांना इतर गोष्टींबरोबर त्याचाहि स्वीकार करावा लागे.

१८९८ सालीं फोरेल निवृत्त झाले आणि त्यांच्या जागीं ऑयगेन ब्लॉयलर आले. खेड्यांची जुनी आशा या नेमणुकीनें सफळ झाली. ब्लॉयलर यांचा जन्म १८५७ सालीं टेकडीपासून हाकेच्या अंतरावरील झोलिकोन गांवीं झाला. घराणें शेतकऱ्यांचें. तीच बोली त्यांच्या तोंडांत. आणि वेड म्हणजे काय हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें, कारण त्यांची थोरली बहीण तरुणपणींच मानसरोगानें ग्रासली होती. रोग्यांशीं बोलूं शकेल असा डॉक्टर हवा, हें गाऱ्हाणें ते लहानपणापासून घरांतच ऐकत आले होते.

बुर्गहोल्ट्सलीला येण्यापूर्वीं बारा वर्षें ते ऱ्हाइनौ येथील इस्पितळाचे मुख्य होते. ऱ्हाइन नदीच्या बेटावरील तो एक जुना मठ. जे बरे होण्याची आशा उरली नाहीं असे रोगी तेथें पाठवीत. एकोणतीस वर्षांचा अविवाहित ब्लॉयलर त्या रोग्यांत जाऊन राहिला. त्यांच्यासह शेतांत काम करावें, सहलीला जावें, नाटकें बसवावीं, संध्याकाळीं गप्पा माराव्या, असा त्याचा क्रम. पाकिटांत कागदाचे तुकडे ठेवून रोगी काय बोलले तें तो टिपून घेई. इतर वैद्य ज्या बडबडीला निरर्थक म्हणून सोडून देत ती तो वर्षानुवर्षें ऐकत बसला, आणि त्याला दिसून आलें कीं ती निरर्थक नाहीं. माणूस ओळखीचा झाला, त्याचें पूर्वायुष्य ठाऊक झालें, म्हणजे त्याच्या विचित्र उद्गारांतील कित्येकांचा धागा लागतो. पुढें जो ग्रंथ त्याच्या नांवावर जगभर गाजला त्याची सामग्री विद्यापीठांत नव्हे, या बेटावर गोळा झाली.

बहिणीला त्यांनीं बुर्गहोल्ट्सलींत आपल्या राहत्या घरीं आणून ठेवलें. १९०१ सालीं त्यांचा विवाह झाला, मुलेंबाळें झालीं, आणि ती निःशब्द आत्या त्या मुलांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षें घरांत वावरत राहिली. अब्राहम ब्रिल हे अमेरिकन डॉक्टर तेथें कांहीं काळ कामाला होते. त्यांनीं सांगितलेली एक आठवण आहे. एकदां ती बहीण फार प्रक्षुब्ध झाली व तिला हालविणें भाग पडलें. परिचारकांना हांक मारणें सहज शक्य होतें. ब्लॉयलर यांनीं तसें केलें नाहीं. कित्येक तास ते तिच्याशीं बोलत बसले, आणि शेवटीं ती आपण होऊन कपडे घालून त्यांच्याबरोबर निघाली.

ब्लॉयलर यांच्या अमलांत डॉक्टरांचें जीवन मठवासीयांसारखें होतें. राहणें आवारांत, जेवणें तेथेंच, बाहेर जाण्यावर निर्बंध. प्रत्येक रोग्याची हकीकत नीट लिहून ठेवावयाची, आणि तो जें बोलला असेल तें त्याच्याच शब्दांत. १९०० सालच्या डिसेंबरांत या शिस्तींत एक उंच, पंचवीस वर्षांचा तरुण दाखल झाला. त्याचें नांव कार्ल गुस्टाव्ह युंग. ब्लॉयलर यांनीं त्याच्याकडे शब्दसाहचर्याचे प्रयोग सोंपविले. शंभर शब्दांची एक यादी असे. डोकें, हिरवा, पाणी अशा साध्या शब्दांनीं तिचा आरंभ होई. परीक्षक एक शब्द उच्चारी, समोरच्यानें मनांत येईल तो पहिला शब्द बोलावयाचा, आणि परीक्षकाच्या हातांतलें घड्याळ सेकंदाचा पांचवा भागहि मोजी. बहुतेक शब्दांना झटपट उत्तर येई. पण मध्येंच एखाद्या निरुपद्रवी शब्दाशीं माणूस अडखळे, लाजे, हंसे, किंवा तोच शब्द परत म्हणे. ज्या शब्दाशीं तो अडखळला त्याच्या खालीं मनांत कांहीं तरी दडलेलें असे, आणि बहुधा तें त्या माणसालाहि ठाऊक नसे. अशा दडलेल्या भावगुच्छाला युंग यांनीं 'काँप्लेक्स' हें नांव दिलें.

व्हिएन्नाचे डॉ. फ्रॉइड हेंच तत्त्व निराळ्या वाटेनें सांगत होते, आणि विद्वानांच्या जगांत त्यांना फारसें कोणी विचारीत नव्हतें. त्यांचे विचार गंभीरपणें घेणारें पहिलें विद्यापीठीय रुग्णालय बुर्गहोल्ट्सली ठरलें. ब्लॉयलर त्यांच्याशीं पत्रव्यवहार करूं लागले; आपलीं स्वतःचीं स्वप्नें लिहून त्यांचा अर्थ विचारूं लागले. एवढ्या वयाच्या व मानाच्या प्राध्यापकानें असें करणें ही लहान गोष्ट नव्हे. काही वर्षें निरनिराळ्या देशांतील तरुण डॉक्टर या टेकडीवर येऊन राहत. कार्ल आब्राहाम, मॅक्स आयटिंगोन, लुडविग बिन्सवांगर, अशीं पुढें गाजलेलीं कित्येक नांवें तेथें त्या काळांत आढळतात. शाईच्या डागांच्या दहा पाट्यांनीं मनाची परीक्षा करणारे हेर्मान रोर्शाक यांनींहि आपला प्रबंध ब्लॉयलर यांच्याच हाताखालीं लिहिला.

पण फ्रॉइड यांना पंथ हवा होता आणि ब्लॉयलर यांना पंथ नको होता. 'सारें स्वीकारा नाहीं तर बाहेर व्हा' ही रीत धर्माला व राजकीय पक्षाला शोभत असेल, शास्त्राला ती घातक आहे, अशा आशयाचें फ्रॉइड यांना कळवून ते १९११ सालीं त्यांच्या संघटनेंतून बाहेर पडले. युंग त्यापूर्वींच, १९०९ मध्यें, इस्पितळ सोडून गेले होते. लोकांच्या स्मरणांत फ्रॉइड व युंग यांचें भांडण राहिलें; ब्लॉयलर यांचा हा शांत नकार फारसा कोणाला माहीत नाहीं. दोहोंपैकीं अधिक धैर्य कशाला लागलें हें सांगणें सोपें नाहीं.

या सुमाराच्या एका रोग्याची कथा सांगितलीच पाहिजे. १९०४ च्या ऑगस्टांत सबीना श्पीलराइन ही अठरा वर्षांची रशियन मुलगी अतिशय प्रक्षुब्ध स्थितींत येथें आणली गेली. तिच्यावर युंग यांनीं उपचार केले. त्या दोघांचे संबंध पुढें वैद्य व रोगी यांच्या मर्यादेंत राहिले नाहींत, आणि त्याचा दोष वैद्याकडेच जातो. पण त्या कथेची दुसरी बाजू बहुधा झांकली जाते. दहा महिन्यांच्या आंत ती इस्पितळांतून बाहेर पडली. विद्यापीठांत वैद्यक शिकण्यास ती समर्थ आहे असा दाखला ब्लॉयलर यांनीं तिला दिला. १९११ सालीं ती डॉक्टर झाली, आणि तिच्या प्रबंधाचा विषय स्किझोफ्रेनियाचा एक रोगी हाच होता. मानसशास्त्रज्ञ म्हणून तिनें स्वतःचें स्थान मिळविलें. १९४२ सालीं रोस्तोव्ह येथें नाझी सैन्यानें ज्यू म्हणून तिला व तिच्या दोघी मुलींना ठार मारलें.

२४ एप्रिल १९०८ रोजीं बर्लिनमध्यें जर्मन मानसरोगवैद्यांच्या सभेंत ब्लॉयलर यांनीं 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द प्रथम उच्चारला. त्यापूर्वीं या रोगाला एमिल क्रेपेलिन यांनीं रूढ केलेलें 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' हें लॅटिन नांव होतें. त्याचा अर्थ अकालीं आलेली बुद्धिहीनता. नांवांतच शिक्षा होती. तरुण मुलाच्या आईबापांना हें निदान सांगितलें कीं त्यांनीं समजावें, मुलगा गेला. ब्लॉयलर यांचा आक्षेप अनुभवाचा होता. हा रोग नेहमीं तरुणपणींच होतो असें नाहीं, आणि त्याचा शेवट नेहमीं बुद्धीच्या नाशांत होतो असेंहि नाहीं. ऱ्हाइनौच्या बेटावर वर्षानुवर्षें मुके बसलेले रोगी एखाद्या प्रसंगीं शहाण्यासारखे बोलतांना त्यांनीं पाहिले होते. बुद्धि नष्ट झालेली नसते. विचारांना जोडणारे दोरे सैल झालेले असतात, असें त्यांचें म्हणणें. म्हणून दुभंगणें व मन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनीं नवें नांव बनविलें. १९११ च्या ग्रंथाच्या शीर्षकांत तर त्यांनीं तें अनेकवचनीं घातलें : हा एक रोग नसून रोगांचा एक समूह आहे. रोग्याला काम द्यावें, लौकर घरीं पाठवावें, इस्पितळांत विनाकारण मुरवत ठेवूं नये, हा त्यांचा उपचार होता. याहून प्रभावी औषध त्या काळीं कोणाजवळच नव्हतें.

औषध शोधण्याचा उतावळेपणाहि याच टेकडीवर झाला. १९२० च्या सुमारास याकोब क्लेझी या डॉक्टरांनीं गुंगीच्या औषधानें रोग्यांना कित्येक दिवस सतत निजवून ठेवण्याची पद्धत सुरूं केली. पहिल्या २६ रोग्यांपैकीं तिघे दगावले. तरी ती पद्धत युरोपभर पसरली. कांहींच करतां येत नाहीं यापेक्षां कांहीं तरी करतां येतें, याचा मोह वैद्याला किती मोठा असतो हें त्यावरून दिसतें.

पण या इतिहासांतील खरा काळा भाग वेगळाच आहे. तो औषधांचा नाहीं, मतांचा आहे. फोरेल यांना मुंग्यांच्या वारुळांतील व्यवस्था जशी मोहवी, तशीच मानवी समाजाचीहि व्यवस्था लावावी असें वाटे. वेड, व्यसन व दुर्वर्तन हीं रक्तांतून उतरतात, तेव्हां अशा माणसांना संतति होऊं नये, हें त्यांचें ठाम मत झालें होतें. आणि १८९० नंतरच्या वर्षांत त्यांनीं रोग्यांवर तशा शस्त्रक्रिया करविल्या. युरोपांत अशा हेतूनें झालेल्या या अगदीं पहिल्या शस्त्रक्रियांपैकीं होत. ब्लॉयलर यांचेंहि मत त्याच दिशेचें होतें. त्यांच्यामागून १९२७ मध्यें संचालक झालेले हान्स मायर यांच्या काळांत तर ही रीत अंगवळणी पडली. गर्भपाताची परवानगी मागावयास आलेल्या निर्धन स्त्रीला मानसरोगवैद्याचा दाखला लागे, आणि पुष्कळदां वंध्यीकरणाला संमति दिली तरच तो मिळे. कागदावर तिची सही असे. अशा सहीला संमति म्हणावयाची कीं नाहीं, हा प्रश्न त्या वेळीं फारसा कोणाला पडला नाहीं.

झुरिचमध्यें त्यासाठीं कायदासुद्धां नव्हता. फोरेल यांच्या जन्मप्रांतानें, व्होनें, १९२८ सालीं तसा कायदा केला. युरोपांतील तो पहिलाच. आणि ब्लॉयलर यांच्या हाताखालीं कांहीं काळ काम केलेले एर्न्स्ट र्‍यूडिन हे जर्मनींत जाऊन १९३३ च्या नाझी वंध्यीकरण कायद्याचे प्रमुख भाष्यकार झाले. झुरिचच्या त्या डॉक्टरांना तेवढ्यावरून नाझींच्या पंक्तीला बसविणें अन्यायाचें होईल. पण जो माणूस बहिणीला बळजबरी न करतां तासन् तास समजावीत बसला, त्यानेंच परक्यांच्या बहिणींच्या बाबतींत बळजबरीला शास्त्राचा आधार दिला, ही गोष्ट पुसतां येत नाहीं. स्विस राष्ट्रबँकेनें फोरेल यांचें चित्र हजार फ्रँकांच्या नोटेवर घातलें होतें आणि पाठीमागें मुंग्या. ती नोट चलनांतून गेल्यावर, एकविसाव्या शतकाच्या आरंभीं, जुनीं दप्तरें इतिहाससंशोधकांनीं उघडलीं आणि हा सगळा प्रकार तपशिलानें प्रसिद्ध झाला.

एका रोग्याचें नांव जगाला ठाऊक आहे, तें त्याच्या पित्यामुळें. आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा धाकटा मुलगा एडुआर्ड हा झुरिच विद्यापीठांत वैद्यक शिकत होता आणि मानसरोगवैद्य होण्याची त्याची इच्छा होती. विशीच्या आरंभींच तो आजारी पडला आणि १९३२ च्या सुमारास बुर्गहोल्ट्सलींत दाखल झाला. १९३३ मध्यें पित्यानें त्याचा निरोप घेतला व अमेरिकेला प्रयाण केलें. पुन्हां भेट झाली नाहीं. आईनें, मिलेव्हानें, आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, त्याला सांभाळलें. १९६५ सालीं तो त्याच इस्पितळांत वारला. ज्या रोगाचा शब्द त्या टेकडीवर जन्मला तोच त्याच्या माथीं होता.

एडुआर्ड तेथें असतांनाच, १९४२ मध्यें, ब्लॉयलर यांचे चिरंजीव मानफ्रेड संचालक झाले. त्यांचा जन्म १९०३ सालीं त्या इस्पितळाच्या आवारांतलाच. आत्येच्या सहवासांत वाढलेल्या या मुलानें एक साधें पण कोणी न केलेलें काम हातीं घेतलें. त्या सुमारास दाखल झालेले स्किझोफ्रेनियाचे २०८ रोगी त्यांनीं निवडले आणि वीस वर्षांहून अधिक काळ, किंवा त्यांच्या मृत्यूपर्यंत, त्यांचा मागोवा घेतला. कारकुनाकरवीं नव्हे, स्वतः. रोगी घरीं गेला तर त्याच्या घरच्यांना भेटून, दुसऱ्या इस्पितळांत गेला तर तेथें जाऊन. १९७२ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारें चौथा हिस्सा रोगी पूर्ण बरे होऊन तसेच राहिले होते. कायमचे अत्यंत विकल राहिलेले दहांत एकाच्या आसपास. उरलेल्यांचा आजार कमीजास्त होत राहिला. परंतु पहिल्या पांच वर्षांनंतर तो सरासरीनें अधिक बिघडत नाहीं, उलट किंचित् निवळतोच. १९५२ सालीं पॅरिसांत आलेल्या नव्या औषधांनीं तोंवर सर्वत्र क्रांति केली होती; मानफ्रेड यांच्या रोग्यांपैकीं कित्येक मात्र त्या औषधांपूर्वींच सावरलेले होते.

याच काळांत तेथील यूल्स आंग्स्ट यांनीं १९६६ सालीं आणखी एक भेद स्पष्ट केला. ज्यांना केवळ विषण्णतेचे झटके येतात आणि ज्यांना विषण्णता व उन्माद दोन्ही आळीपाळीनें येतात, त्यांचे रोग वेगळे मानले पाहिजेत. आज तो सर्वमान्य आहे. इस्पितळाचें अधिकृत नांवहि तोंवर बदललें होतें. तें आतां झुरिचचें विद्यापीठीय मनोरुग्णालय म्हणवितें, पण गांवकऱ्यांच्या तोंडीं जुनेंच नांव आहे.

ब्लॉयलर यांचा शब्द मात्र त्यांच्या हेतूपासून दूर भरकटला. त्यांना विचारांचे सैल झालेले दोरे सुचवावयाचे होते. सामान्य माणसानें त्याचा अर्थ एका देहांत दोन माणसें असा घेतला, आणि चित्रपटांनीं व रहस्यकथांनीं तो गैरसमज पक्का केला. जपानी भाषेंत या रोगाला दुभंगलेल्या मनाचा आजार अशा अर्थाचें नांव होतें. तें ऐकून रोग्यांना लग्न, नोकरी, शेजार सारेंच दुरावत असे. डॉक्टरसुद्धां तें रोग्यासमोर उच्चारीत नसत. रोग्यांच्या नातलगांच्या संघटनेनें तें बदलण्याची मागणी केली, आणि २००२ सालीं तेथील वैद्यसंस्थेनें मनाची सांगड विस्कटणें अशा आशयाचें नवें नांव स्वीकारलें. क्रेपेलिन यांचें नांव टाकतांना ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं बर्लिनच्या सभेंत जें कारण दिलें होतें, तें याहून फार निराळें नव्हतें.